आधी पन्हळ, मग पडदा

मित्रहो, जुनं नाट्यगृह वाचवायचं म्हणून माणसं पहिल्यांदा जमतात, ती सभा मोठी गमतीची असते. कुणी मखमली पडद्याबद्दल बोलतं, कुणी दर्शनी कमानीबद्दल. खुर्च्या लाल हव्यात की हिरव्या, यावर अर्धा तास जातो. छतावरचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीचं नाव मात्र कुणी काढत नाही.

आग एका रात्रीत दिसते. पन्हळ वीस वर्षं घेते. ती पानांनी तुंबते, पाणी उलटं भिंतीत शिरतं, छताच्या कैचीचं, म्हणजे छत पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचं, भिंतीत रुतलेलं टोक भिजत राहतं. मग ते कुजतं, त्याला वाळवी लागते. खाली बसलेल्या प्रेक्षकाला या सगळ्यातला फक्त कोपऱ्यातला पिवळट डाग दिसतो, आणि आपण त्या डागावर रंग मारतो. रंगाने भागलं नाही तर सिमेंटचा गिलावा चढवतो. जुनी भिंत चुन्याची असते. ती ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटने तिचं तोंड बांधलं की ओल आत कोंडते आणि विटा खाऊ लागते. हे नुकसान लोकांच्या देणग्यांतून झालेलं असतं, म्हणून ते जास्त लागतं. तेव्हा पहिला निधी छताला आणि पन्हळीला. त्याचा फोटो छापून येत नाही, उद्घाटनाला फीत कापता येत नाही, हे खरं आहे.

दुसरा शत्रू म्हणजे कुलूप. ‘दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय प्रयोग नको’ हे वाक्य ऐकायला जबाबदार वाटतं. पण वापरात नसलेल्या वास्तूत गळती कुणाच्या लक्षात येत नाही आणि गावाची तिकडची पावलं मोडतात. मग पाच वर्षांनी ‘कशाला हवंय ते?’ असं विचारणारी पिढी तयार होते. धोका नाही असं तज्ज्ञाने लिहून दिलेला भाग उघडा ठेवा. तिथे तालीम होऊ दे, वाचन होऊ दे, मुलांची शिबिरं भरू देत.

याला एक जगप्रसिद्ध अपवाद आहे, तो सांगितला नाही तर तुम्ही मला प्रश्नोत्तरात पकडाल. स्वीडनमधल्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्याचं नाट्यगृह 1766 सालचं. राजा तिसरा गुस्ताव याचा 1792 मध्ये खून झाला आणि नाट्यगृहाचे दिवस फिरले. पुढे शंभराहून अधिक वर्षं ते जवळजवळ विस्मृतीत गेलं. 1921 मध्ये आग्ने बाइयर नावाचे अभ्यासक एक चित्र शोधत तिथे शिरले, तर आत अठराव्या शतकातले नेपथ्याचे पडदे आणि लाकडी यंत्रं जागच्या जागी! दोर बदलले आणि पुढच्याच वर्षी तिथे पुन्हा प्रयोग झाला. पण ती राजवाड्याच्या आवारातली जागा होती. मोक्याच्या चौकातल्या नाट्यगृहाला विसरून जायची चैन कुणी करू देत नाही. तिथल्या जमिनीचा भाव कुणीच विसरत नाही.

आता पैशाकडे येऊ. मला या बाबतीत अमेरिकेतल्या अटलांटाच्या फॉक्स थिएटरची गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. 1929 च्या नाताळात ते उघडलं. प्रेक्षागृहाचं छत म्हणजे रात्रीचं आकाश, त्यात चक्क लुकलुकणारे तारे. 1970 च्या दशकापर्यंत प्रेक्षक आटले, आणि मुख्य कार्यालयासाठी एका टेलिफोन कंपनीची नजर त्या जागेवर गेली. लोक पेटून उठले. सह्या झाल्या, निषेध झाले. इथवरची गोष्ट कुठल्याही गावातली असू शकते, आणि बहुतेक गावांत ती इथेच संपते. इथे 1975 मध्ये अटलांटा लँडमार्क्स ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिने बँकांकडून 18 लाख डॉलरचं कर्ज काढून नाट्यगृह घेतलं, आणि कंपनीला शेजारची जमीन मिळेल अशी तजवीज झाली. कंपनीची इमारत शेजारी उभी राहिली. कर्ज 1978 मध्ये फिटलं.

ही तजवीज नीट पाहा. कंपनीचं नाट्यगृहाशी वैर नव्हतं, तिला जागा हवी होती. समोरच्याला नेमकं काय हवंय हे विचारणारं कुणीतरी त्या बाजूला होतं. आपल्याकडे आंदोलनात हा माणूस फितूर ठरतो. आणि कर्ज काढलं म्हणजे ते फेडण्यासाठी कार्यक्रम करणं आलं. तिथे रॉक संगीताच्या मोठमोठ्या मैफली झाल्या. त्या नाकारून ‘अभिजात तेवढंच’ असा सोवळेपणा केला असता तर आज तिथे बहुधा कचेरी असती. प्रयोगांसाठी आधीच राखून ठेवलेल्या दिवसांना आपल्याकडचे नाट्यकर्मी ‘तारखा’ म्हणतात ना, ज्या वास्तूच्या तारखा भरलेल्या, तिला पाडायची भाषा करायला धीर लागतो.

बरं, वाचवलं. पण कुठल्या सालातलं? लंडनचा विल्टन्स म्युझिक हॉल 1859 चा. 1888 पासून तिथे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं मिशन होतं, नंतर चिंध्या निवडण्याचं गोदाम झालं. 1960 च्या दशकात तो पाडला जाणार होता, तेव्हा कवी जॉन बेट्जमन यांच्यासारखी माणसं उभी राहिली आणि तो टिकला. 2015 मध्ये दुरुस्ती पुरी झाली, तेव्हा गिलाव्याचे पोपडे, रंगांचे थर, भिंतीवरच्या खुणा तशाच ठेवलेल्या होत्या. जे पडेल ते सावरायचं, बाकीला हात लावायचा नाही. गोदामाचे दिवसही त्या वास्तूचेच आहेत. मला हे पटतं, पण देणगीदारांना पटवणं अवघड जातं. पैसे देऊन भिंत जुनीच दिसणार असेल तर पैसे गेले कुठे, असं त्यांना वाटतं.

दरवाजे, वायरिंग आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांत मात्र जुनेपणाचा हट्ट धरू नका. शिकागोचं इरोक्वा थिएटर 1903 च्या डिसेंबरात जळालं, 600 हून अधिक माणसं गेली, आणि ते नाट्यगृह जेमतेम महिनाभर जुनं होतं. संकटात लोखंडी पट्टी ढकलली की बाहेर उघडणारी दारं आज आपण पाहतो, त्यांच्यामागे ती दुपार आहे.

आगीचा विषय निघाला की कोल्हापूर आठवतंच. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या संगीत नाटकातल्या गायक नटाची, जयंती होती. ‘होतं तसंच उभं करा’ ही लोकांची मागणी अगदी स्वाभाविक होती. व्हेनिसमध्ये ला फेनिचे हे ऑपेराचं नाट्यगृह 1996 मध्ये जळालं तेव्हाही लोकांनी हेच म्हटलं होतं: होतं तसं, होतं तिथे. पण ‘होतं तसं’ म्हणजे कसं, हे ठरवायला कागद लागतात. व्हेनिसला जुनी छायाचित्रं तर लागलीच, शिवाय त्या नाट्यगृहात चित्रित झालेला 1954 चा एक चित्रपटही कामी आला. सात वर्षं उलटल्यावर 2003 च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं.

म्हणून समितीची नोंदणी व्हायची तेव्हा होईल, त्याआधी एक वही घ्या. रंगमंचाची लांबी, रुंदी, खोली. विंगांची जागा. बाल्कनीच्या कठड्याची उंची, नक्षीचा प्रत्येक तुकडा मोजपट्टी शेजारी धरून. रंगपटातल्या भिंतींवर नटांनी लिहून ठेवलेलं असतं, तेही टिपा. रंगारी आला की ते पहिलं जातं. एक पान आवाजासाठी ठेवा. रिकाम्या प्रेक्षागृहात रंगमंचावरून एकाने टाळी वाजवायची, दुसऱ्याने शेवटच्या रांगेत रेकॉर्डर धरायचा. मग प्रयोगाच्या दिवशी, पडदा उघडायच्या आधी, भरलेल्या घरात तेच पुन्हा. माणसांनी भरलेल्या घराचा आवाज वेगळा येतो, आणि तो कुठल्याही नकाशात सापडत नाही.