पाच मीटरचं अंतर

जहाजावरच्या दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना आपापली जाकिटं, पाठपिशव्या, टोप्या घेऊन खालच्या मजल्यावर बोलावलं. तिथे व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटे मांडून ठेवले होते. प्रत्येकानं खिसे उलटे करायचे, शिवणी तपासायच्या, वेल्क्रोच्या पट्ट्या उघडून एकेक कण काढायचा. माझ्या पिशवीच्या वेल्क्रोतून गवताची तीन कुसळं निघाली. कुठल्या डोंगरावर ती चिकटली होती आणि किती वर्षं माझ्यासोबत फिरत होती, काही केल्या आठवेना. वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट. पण पोआ अ‍ॅनुआ नावाचं एक अगदी साधं गवत असंच माणसांबरोबर अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोचलं आणि तिथे रुजलं. ते उपटून काढण्यासाठी शास्त्रज्ञ मंडळी वर्षानुवर्षं खपत आली आहेत.

मी ध्रुवीय प्रदेशांत दोनदा गेले, एकदा दक्षिणेला आणि एकदा उत्तरेला. त्याबद्दल बोलायला उभी राहिले आणि सुरुवात कुसळांपासून केली, कारण या प्रवासाचं मर्म मला तिथेच कळलं. आपण जातो बर्फ आणि प्राणी जवळून पाहायला, आणि तिथे पहिला धडा मिळतो तो लांब राहण्याचा.

आधी जहाजाविषयी. समुद्रपर्यटन म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हजारो माणसांचं तरंगतं गाव. ध्रुवीय सफरीची खरी जहाजं तशी नसतात. शंभर-दोनशे प्रवासी, बर्फाचे धक्के सोसेल असा मजबूत सांगाडा, आणि वर रचून ठेवलेल्या झोडिअ‍ॅक, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होड्या. तिथे बंदर नाही, धक्का नाही. किनाऱ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा या होड्यांतूनच पार करायचा. ही पद्धत रुळवली लार्स-एरिक लिंडब्लाड या सफर-आयोजकांनी. १९६६ साली त्यांनी पर्यटकांची एक तुकडी अंटार्क्टिकाला नेली आणि १९६९ साली खास याच कामासाठी एक छोटं जहाज बांधून घेतलं. ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ हे त्याचं नाव. तेच जहाज पुढे दुसऱ्या मालकांकडे नुसतं ‘एक्सप्लोरर’ म्हणून चालत राहिलं आणि २३ नोव्हेंबर २००७ रोजी साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाचा मार लागून बुडालं. त्यावरचे सगळे १५४ जण वाचले, पण त्याआधी काही तास त्यांना होड्यांमध्ये त्या थंडीत काढावे लागले. दुसरं एक जहाज फार लांब नव्हतं आणि समुद्र त्या मानानं शांत होता, म्हणून हे जमलं. ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांसाठी ‘पोलर कोड’ ही आंतरराष्ट्रीय नियमावली १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. तरीही ही घटना मनात ठेवून जहाज निवडावं, असं मला वाटतं.

निवडताना केबिनची खिडकी केवढी आहे, हे मागाहून विचारा. प्रवासी किती, हे आधी विचारा. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून अंटार्क्टिकावर कुणालाही उतरवता येत नाही. आणि जहाज कितीही लहान असो, एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. म्हणजे दोनशेचं जहाज असेल तर निम्मा वेळ तुम्ही किनाऱ्याबाहेर.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला असलेल्या उशुआयाहून जहाज सुटतं, बीगल खाडीतून बाहेर पडतं आणि दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेजमध्ये शिरतं. दोन दिवसांचा हा पट्टा. या अक्षांशांवर पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी लाटांना अडवणारी जमीन नाही, त्यामुळे वारा आणि पाणी दोघांनाही मोकळं रान. बोट लागते का, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. बहुतेकांना लागते. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यायची, पोट ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. केबिन शक्यतो खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. चालताना कठड्यावरचा हात सोडायचा नाही. एवढं पाळलं की हे दोन दिवस निभतात, आणि बाहेर उभं राहता आलं तर अल्बाट्रॉस दिसतो. भटक्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत जातो. तासभर मी एकाकडे पाहत होते, आणि त्या तासाभरात त्यानं पंख हलवलेला मला दिसला नाही. लाटेच्या उतारावर खाली घसरायचा, वाऱ्यावर वर यायचा, पुन्हा घसरायचा.

मग कधीतरी धुकं पडतं, हवेतला गारवा एकदम बोचायला लागतो. समुद्राचं तापमान काही मैलांतच दोन-तीन अंशांनी खाली आलेलं असतं. दक्षिणेचं गार पाणी इथे उत्तरेकडच्या उबदार पाण्याखाली शिरतं. अंटार्क्टिकाची खरी वेस हीच. या वेशीच्या आत क्रिल असतात, बोटाच्या दोन पेरांएवढे कोळंबीसारखे जीव, आणि पुढे जे जे दिसणार आहे, पेंग्विन, सील, देवमासे, त्यातलं बहुतेक सगळं त्यांच्या जिवावर उभं आहे.

बर्फाबद्दल काय सांगू? बर्फ पांढरा असतो असं मी जन्मभर समजत होते. पहिला मोठा हिमनग जवळून पाहिला तो खालच्या अंगाला निळा होता, शाईसारखा नव्हे, तर आतून दिवा लावल्यासारखा निळा. हिमनदीत हजारो वर्षं दबून राहिलेल्या बर्फातली बरीचशी हवा पिळून निघालेली असते. अशा घट्ट बर्फात प्रकाश खोल शिरतो, त्यातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळा तेवढा परत येतो. होडीचं इंजिन बंद केलं की सगळीकडून तडतड ऐकू येते, तापलेल्या तव्यावर थेंब पडावेत तशी. बर्फात दाबानं कोंडलेले हवेचे बुडबुडे वितळताना फुटत असतात. ती हवा कित्येक शतकांपूर्वीची आहे, आणि ती आत्ता आपल्या कानांपाशी मोकळी होते आहे, हे लक्षात आल्यावर होडीतली सगळी माणसं आपोआप गप्प झाली.

हिमनगापाशीही अंतर ठेवावं लागतं. त्याचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो, आणि तो झिजता झिजता तोल गेला की हिमनग कुशीवर वळतो. आम्ही लांबून एकदा ते पाहिलं. आधी काहीच नाही, मग एक बाजू सावकाश वर उचलली गेली, खालचं गुळगुळीत निळं अंग बाहेर आलं आणि त्यावरून पाण्याचे लोट वाहू लागले. नेको हार्बर नावाच्या खाडीत तर किनाऱ्यावर रेंगाळूच देत नाहीत. होडीतून उतरलात की लगेच चढावर जायचं, कारण समोरच्या हिमनदीचा कडा कोसळला की काही क्षणांत लाट येते.

आता पेंग्विन. पहिल्यांदा येतो तो वास. क्रिल खाऊन केलेल्या विष्ठेचा गुलाबी चिखल आणि त्याचा उग्र, आंबूस दर्प. जाकिटाला तो आठवडाभर सोडत नाही. मग कलकलाट. जेंटू पेंग्विन दगड-खडे रचून घरटं करतात आणि शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा बेमालूम उचलून नेतात. समुद्रापासून घरट्यापर्यंत जाऊन-येऊन बर्फात खोल वाटा पडलेल्या असतात. त्या वाटा आपण ओलांडायच्या नाहीत, ओलांडाव्याच लागल्या तर पेंग्विन जाईपर्यंत थांबायचं. आपल्या बुटाचा खोल ठसा उमटला तर तोही बुजवायचा, नाहीतर पिल्लू त्यात अडकतं.

नियम असा: पेंग्विनपासून पाच मीटर, फर सीलपासून पंधरा. आपण थांबायचं, वाट त्यांची. पण पेंग्विनला हा नियम लागू नाही. मी एका खडकाशी स्थिर उभी होते. एक करड्या पिसांचं जेंटूचं पिल्लू डुलत डुलत पुढे आलं, माझ्या बुटाकडे मान वाकडी करून पाहिलं, बुटाच्या कडेला चोचीनं टोचलं आणि निघून गेलं. मला हात पुढे करायचा नव्हता, मागे सरकायचं नव्हतं, श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नव्हता. आपल्या भाषेत अंतर म्हणजे लांबी आणि अंतर म्हणजे मनाचा आतला भागही. हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात, ते मला त्या खडकाशी उमगलं.

या प्राण्यांना जमिनीवर शत्रू नाही, म्हणून ते आपल्याला घाबरत नाहीत. याच निर्भयपणाची किंमत त्यांनी मोजली आहे. १८१९ साली विल्यम स्मिथ यांना साउथ शेटलंड बेटं दिसली, आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत शिकाऱ्यांनी तिथले फर सील जवळपास संपवले. ते पळत नव्हते, फक्त सोटा लागत होता. डिसेप्शन बेटावर आजही तो इतिहास उभा आहे. हे बेट म्हणजे समुद्र आत शिरलेलं ज्वालामुखीचं तोंड. एका अरुंद फटीतून जहाज आत जातं. काळ्या वाळूतून वाफा निघत असतात, आणि पलीकडे देवमाशांची चरबी उकळायच्या गंजलेल्या कढया आणि तेलाच्या टाक्या. नॉर्वेच्या कंपनीनं १९१२ ते १९३१ हा कारखाना चालवला. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. या काळ्या वाळूत मी सफरीतला सगळ्यात शांत तास काढला. तिथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आम्हाला हम्पबॅक देवमासे दिसले. दोघं मिळून पाण्याखाली बुडबुड्यांचं कडं करत होते. क्रिल आत कोंडले की तोंडं उघडून मधोमध वर येत. दक्षिणेतल्या हम्पबॅकच्या शिकारीवर १९६३ साली बंदी आली, आणि त्यांची संख्या पुन्हा वाढली. माणसानं हात आवरता घेतल्यावर काय होतं, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

उत्तरेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथली गोष्ट खरं तर एकच आहे. दक्षिणेला समुद्रानं वेढलेली जमीन आहे, उत्तरेला जमिनीनं वेढलेला समुद्र. तिथे पेंग्विन नाहीत. पेंग्विन हे नाव मात्र आधी उत्तरेतल्याच एका न उडणाऱ्या पक्ष्याचं होतं, ग्रेट ऑकचं. तोही माणसाला चुकवू शकला नाही. १८४४ साली आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर त्याची शेवटची जोडी मारली गेली.

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर आम्ही आठ दिवस होतो. सहाव्या दिवशी पहाटे कप्तानानं सांगितलं, अस्वल आहे. सगळे डेकवर धावलो. पांढऱ्या बर्फावर एक पिवळसर ठिपका, एवढंच. तिथल्या नियमाप्रमाणे हिमअस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, आणि मार्च ते जूनमध्ये ५००. २०२५ पासून हे बंधन आहे. काही जण निराश झाले. त्यांनी छायाचित्रांत अस्वलाचे डोळे पाहिलेले होते. आम्ही पाऊण तास थांबलो. तो ठिपका चालला, थांबला, एका भेगेपाशी आडवा झाला आणि तसाच पडून राहिला, सील वर यायची वाट बघत. सील आला नाही. आम्ही निघालो तेव्हाही तो तिथेच होता. आपण तिथे होतो हे त्याला कळलंही नसेल. मला यापेक्षा चांगलं दर्शन नको होतं.

जावं की नाही, हा प्रश्न टाळणार नाही. २०२३–२४ च्या हंगामात अंटार्क्टिकाला १ लाख २० हजारांहून अधिक पर्यटक गेले. त्या प्रत्येकामागे विमानाचं आणि जहाजाचं इंधन आहे, माझ्याही मागे आहे. बर्फ वितळवणाऱ्या धुरात भर घालूनच आपण बर्फ पाहायला जातो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पक्ष्यांच्या तापाचा विषाणू २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोचल्याचं दिसून आलं. आता किनाऱ्यावर बसायला, गुडघे टेकायला, पिशवी खाली ठेवायला मनाई असते, आणि उतरताना-चढताना बूट जंतुनाशकात बुडवायचे. हे सगळं ऐकून ज्याला जाच वाटेल त्यानं जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. ज्याला जायचं आहे त्यानं लहान जहाजानं जावं, एकदा जावं, आणि जास्तीत जास्त दिवस जावं.

हंगाम विचारलात तर दक्षिणेला नोव्हेंबरात बर्फ कोरा आणि पेंग्विनांची घरटी बांधायची गडबड, जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे. तीनही एका खेपेत मिळत नाहीत.

आणि पैसे कॅमेऱ्याच्या मोठ्या भिंगावर घालण्याआधी दुर्बिणीवर घाला. ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. जास्त मोठी घेतली तर हलत्या डेकवर चित्र थरथरतं. निघण्यापूर्वी महिनाभर रोज ती घेऊन बाहेर पडा आणि लांबच्या एखाद्या झाडावरचा एकच पक्षी निवडून तो उडून जाईपर्यंत पाहत राहा. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत हात दुखतील. पंधरा दिवसांनी दुखणार नाहीत.