शुद्धीत असतानाची सही
(दादरमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मृत्युपत्र किती जणांनी केलंय असं विचारलं तेव्हा बरेच हात वर आले. बरं वाटलं. पण मृत्युपत्र कामाला येतं ते आपण गेल्यावर. मी बोलणार आहे ते त्याच्या आधीच्या काळाबद्दल. माणूस आहे, श्वास चालू आहे, पण सही करता येत नाही, हो-नाही सांगता येत नाही.

लालबागच्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. यजमानांना ब्रेन स्ट्रोक, एकोणीस दिवस आयसीयूत, शुद्ध नाही. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत यजमानांनी तीन वर्षांपूर्वी करून ठेवलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, खाली त्यांची वळणदार सही. "हे असूनही बँकवाले पैसे काढू देत नाहीत हो." बँकेचं चुकलं नव्हतं, आणि हे त्यांना सांगणं मला फार जड गेलं. भारतीय करार कायदा, 1872, कलम 201: मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान हरपलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो रद्दी! इंग्लंडमध्ये भान गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. संसदेने ती करायलाच हवी, हे मी प्रत्येक सभेत सांगतो.

मग उरलं हायकोर्ट. कोमातल्या माणसाला पालक नेमण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करावी लागते. डॉक्टरांचे अहवाल, मालमत्तेची यादी, मुलांची संमती. आदेश हाती येईपर्यंत काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

हे सगळं बँकेच्या एका फॉर्मने टळलं असतं. खातं दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने चालणारं. केंद्र सरकारच्या पेन्शनचं खातंही पती-पत्नीला असं ठेवता येतं. "नॉमिनी आहे की!" असं म्हणू नका. नॉमिनीला विचारतात ते खातेदार गेल्यावर. मालमत्ता मोठी असेल, किंवा मागे सांभाळायला कोणी नसेल, तर हयातीतच खासगी न्यास, म्हणजे ट्रस्ट, करण्याचा विचार करा.

आता उपचारांचं. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर तिथेच जवळजवळ 42 वर्षं पडून होत्या. त्यांना काय हवं होतं, हे त्यांना कोणी विचारूच शकलं नाही. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शुद्ध गेल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, पण अटी इतक्या किचकट की करणार कोण? 24 जानेवारी 2023 रोजी त्या सोप्या झाल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने कोणी बोलायचं, त्यांची नावं लिहायची. मुंबईत हे दस्त जपण्याचं काम महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिलेलं आहे. घरच्यांना आणि फॅमिली डॉक्टरांना प्रत द्या. कपाटात कुलूपबंद ठेवलेलं इच्छापत्र रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात कोणाला सापडणार?

माझ्या आईने हे पत्र वयाच्या 81 व्या वर्षी केलं. मी मसुदा वाचत होतो, ती गवार निवडत होती. "घशात नळी घालतात, ती यात येते?" येते, म्हटलं. "मग नको म्हणून लिही. पण ओठ कोरडे पडले तर चमच्याने पाणी लावायचं, तेही लिही." तिचं ते वाक्य तिच्याच शब्दांत, तिसऱ्या परिच्छेदात आहे.