शहर जिथे संपत असे : दुबईत वाढलेल्या एका पिढीचे बालपण

आता पडद्यावर दिसते आहे ती दुबईच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरची इमारत. १९७९ मध्ये ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, तेव्हा ३९ मजल्यांची ही पांढरी, जाळीदार इमारत दुबईचे सर्वांत मोठे नवल होते आणि पुढे अनेक वर्षे शंभर दिरहॅमच्या नोटेवर तिचे चित्र छापले जात होते. आज काचेच्या मनोऱ्यांच्या गर्दीत ती शोधावी लागते. १९८० च्या दशकात इथे वाढलेल्या मुलांच्या लेखी मात्र ती शहराची वेस होती. तिच्यापुढे अबुधाबीकडे जाणारा रस्ता सुरू होई आणि तुरळक बांधकामे सोडली तर त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोहोचेल तिथवर वाळूच असे.

हा माहितीपट त्या मुलांच्या आठवणींचा आहे, आणि त्यात आम्ही मराठी मुलेही होतो. आमचे वडील मुंबई, पुणे, कोकण किंवा पश्चिम महाराष्ट्रातून हिशेबनीस, आरेखक, अभियंते, बँकेतील कारकून म्हणून इथे आले होते आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावर त्यांनी आम्हाला व आमच्या आयांना बोलावून घेतले होते. पुण्यामुंबईचा माणूस बालपणाविषयी बोलू लागला की त्याला पाडलेला वाडा आठवतो, गेलेली चाळ आठवते. दुबईत वाढलेल्यांच्या बोलण्यात पाडलेली इमारत क्वचितच येते. त्यांना आठवते ती दोन इमारतींच्या मधली मोकळी जागा, जिच्यावर तेव्हा काहीच बांधलेले नव्हते.

या शहराचा जन्म खाडीकाठी झाला. खाडीच्या एका तीरावर बर दुबई आणि दुसऱ्या तीरावर देरा, अशी त्याची जुनी रचना आहे. मोती, मासे आणि मुंबईशी चालणारा गलबतांचा व्यापार यांवर ते जगत होते. हा संबंध इतका जवळचा होता की १९५९ पासून भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास छापलेला रुपया १९६६ पर्यंत इथल्या बाजारात चालत असे. शेख रशीद यांनी १९५८ मध्ये सत्तासूत्रे हाती घेतल्यावर खाडीतला गाळ उपसून ती मोठ्या गलबतांसाठी खोल करण्यात आली. १९६३ मध्ये मक्तूम पूल झाला आणि १९६६ मध्ये समुद्रात तेल सापडले. १९७१ च्या २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली, १९७३ मध्ये दिरहॅम हे चलन आले आणि १९७५ मध्ये खाडीच्या तळाखालून जाणारा शिंदगा बोगदा वाहतुकीला खुला झाला. १९६८ च्या जनगणनेत सुमारे ५९ हजार असलेली लोकसंख्या १९८५ पर्यंत पावणेचार लाखांच्या घरात गेली होती. आम्ही पोहोचलो ते या टप्प्यावर, म्हणजे शहर गावपण ओलांडून गेले होते, पण त्याला अजून आपले अंग भरायचे होते.

बर दुबई आणि करामा या वस्त्यांत चारपाच मजली इमारतींच्या रांगा होत्या आणि दर दोन-तीन इमारतींनंतर एखादा भूखंड रिकामा पडलेला असे. दिवसा तिथे मोटारी उभ्या राहत आणि संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, क्रिकेट सुरू होई. सुट्या वाळूवर चेंडू उसळत नाही, तो जागीच रुतून बसतो, हे पहिल्याच दिवशी कळत असे; म्हणून मोटारींच्या चाकांनी दाबून घट्ट केलेला पट्टा शोधून त्यावर खेळपट्टी आखली जाई. टेनिसच्या चेंडूवर विजेच्या कामाची काळी किंवा लाल टेप गुंडाळलेली असे, यष्ट्यांच्या जागी शीतपेयाच्या बाटल्यांचे प्लास्टिकचे खोके असे, आणि फलंदाजाने मारलेला चेंडू कोणाच्या टोयोटाखाली गेला तर तापलेल्या पत्र्याला हात न लावता तो काढण्याचे कौशल्य हवे असे. संघात मल्याळी, सिंधी, गोव्याची, कराचीची, श्रीलंकेची मुले असत. भांडणे हिंदी-उर्दूत चालत आणि ती 'यल्ला' (चला) आणि 'खलास' (संपले) या दोन अरबी शब्दांनी मिटत. घरी परतल्यावर आई दारातच अडवी, बूट उलटे करायला लावी, आणि दोन्ही बुटांतून निघालेला वाळूचा छोटा ढीग झाडून बाहेर टाकल्याखेरीज आत प्रवेश नसे.

मग एखाद्या दिवशी शाळेतून परतताना त्या भूखंडाभोवती पत्र्याचे कुंपण उभे राहिलेले दिसे. कंत्राटदाराच्या नावाचा फलक लागे, खड्डा खणला जाई, आणि खड्ड्यातून पाणी उपसणारा पंप रात्रंदिवस घरघरत राही, कारण खाडीच्या जवळ थोडे खणले तरी खारे पाणी लागत असे. आम्ही पुढच्या भूखंडावर जात असू. हे दुःखाचे वाटत नसे, ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आम्हाला क्रेन आवडत, गॅलरीतून मजले मोजण्यात चुरस असे, आणि उन्हाळ्यात मुंबईच्या मावसभावंडांना आमच्या गल्लीत किती इमारती वाढल्या हे सांगताना आमची छाती फुगलेली असे. जे संपत होते त्याला नाव नव्हते, त्यामुळे ते संपते आहे हे कळण्याचाही प्रश्न नव्हता.

घराच्या आत वाळवंट वेगळ्या वाटेने शिरत असे. वायव्येकडून शमाल वारा सुटला की आकाश मातकट पिवळे होई आणि खिडकीतल्या एसीच्या फटींतून, दाराखालून बारीक धूळ येऊन टेबलावर साय धरल्यासारखी बसे. ओला टॉवेल दाराशी दाबून ठेवणे हे मुलांचे काम असे. पाण्याची तऱ्हा तर नव्या माणसाला खरी वाटत नसे. समुद्राचे पाणी गोडे करून ते नळाला येई आणि गच्चीवरच्या टाकीत साठे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ती टाकी अशी तापे की दुपारी नळाखाली हात धरवत नसे. त्यामुळे घरोघरी उन्हाळ्यात गीझर बंद ठेवला जाई. न्हाणीघरात असलेल्या त्याच्या टाकीतले पाणी घराच्या गारव्यात निवत राही, आणि मग तांबडी खूण असलेल्या नळातून गार व निळी खूण असलेल्या नळातून कढत पाणी मिळे. आंघोळीला 'गरमाचा नळ सोड, म्हणजे भाजणार नाही,' ही आईची सूचना मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना चक्रावून टाकत असे.

त्या काळी घरांना सांगण्यासारखा पत्ता नव्हता. पोस्टमन दारी येत नसे. पत्रे वडिलांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये येत आणि आजीचे निळे अंतर्देशीय पत्र आधी कार्यालयात फिरून मग संध्याकाळी घरी पोहोचे. घर सांगायचे झाले तर मशीद, पेट्रोल पंप, एखादी ग्रोसरी आणि तिच्यासमोरची वाळू, अशा खुणांनी सांगावे लागे. देरातल्या बनियास चौकाला जुनी माणसे आजही नासर स्क्वेअर म्हणतात, आणि टॅक्सीवाल्यालाही तेच नाव चटकन कळे. उलट दूरध्वनीची मात्र चंगळ होती. स्थानिक कॉलला पैसे पडत नसत, त्यामुळे गृहपाठाच्या नावाखाली मुले तासन् तास रिसीव्हर कानाला लावून बसत. भारतात फोन करणे महाग असल्याने आजीआजोबांसाठी मात्र कॅसेटवर आवाज भरून ती येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवली जाई.

सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी संध्याकाळपासूनच तिचे वारे वाहू लागत, आणि शनिवारी सकाळी नव्या आठवड्याची शाळा भरे. भारतातल्या भावंडांना हे वेळापत्रक कधीच नीट समजले नाही. शुक्रवारी सकाळी बर दुबईच्या खाडीकाठच्या अरुंद गल्लीत, मशिदीच्या शेजारी असलेल्या मंदिरात जायचे. चपला काढून जिना चढायचा, प्रसाद घ्यायचा आणि फुलांच्या, उदबत्त्यांच्या दुकानांतून वाट काढत अब्राच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या, धक्क्यावर यायचे. लाकडी अब्रामध्ये पाठीला पाठ लावून लोक बसत, भाडे पन्नास फिल्स, म्हणजे अर्धा दिरहॅम, असे, आणि पलीकडे देराच्या धक्क्यावर फ्रीज, टायर, तांदळाची पोती रचलेली गलबते इराणकडे निघण्याच्या तयारीत दिसत. दुपारनंतर जुमेराचा समुद्रकिनारा किंवा तिथले जुने प्राणिसंग्रहालय. १९६७ पासून चालू असलेले ते प्राणिसंग्रहालय फार दाटीवाटीचे होते आणि २०१७ मध्ये बंद झाले ते योग्यच झाले, पण वाघ पहिल्यांदा आम्ही तिथेच पाहिला. ज्यांच्या वडिलांची परिस्थिती बरी होती ती मुले अल नस्र लेझरलँडच्या बर्फाच्या रिंकवर स्केटिंग करीत. बाहेर पारा चाळिशी ओलांडत असताना आत लोकरी टोपी घातलेली मुले बर्फावर आपटत असत, आणि यात काही विसंगत आहे असे तेव्हा कोणालाही वाटत नव्हते.

मराठी स्वयंपाकघर चालवणे ही निराळी कसरत होती. पोहे, भाजणी, कोकम, गोडा मसाला या वस्तू सुट्टीहून येतानाच्या सामानात येत आणि पुरवून पुरवून वापरल्या जात. १९८४ मध्ये दातार पितापुत्रांनी 'अल अदील' हे दुकान सुरू केले. पुढे धनंजय दातार 'मसाला किंग' म्हणून ओळखले जाऊ लागले, ती कहाणी सर्वज्ञात आहे; पण आमच्या आयांच्या दृष्टीने त्या दुकानाचे महत्त्व इतकेच होते की आता साबुदाण्यासाठी जुलैची वाट पाहावी लागणार नव्हती. गणपती फ्लॅटमध्येच बसत, आरतीला आवाज जरा बेताने काढला जाई, आणि विसर्जन बऱ्याच घरांत बादलीत होई.

जुलै आला की निम्मी इमारत रिकामी होई. नायलॉनच्या दोरीने आवळलेली खोकी, त्यांवर जाड मार्करने लिहिलेले वडिलांचे नाव आणि 'बॉम्बे', आत टँग, निडो, निळ्या डब्यातले क्राफ्ट चीज, टायगर बाम, साबणवड्या आणि कोणीतरी आवर्जून मागवलेला टेपरेकॉर्डर. १९८५ च्या ऑक्टोबरात एमिरेट्स ही विमानकंपनी सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या मोजक्या ठिकाणांत कराची, मुंबई आणि दिल्ली ही होती, यावरून या शहराचे खरे शेजारी कोण ते कळते. मुंबईच्या सहार विमानतळावर उतरल्यावर दार उघडताच येणारा पावसाळी, कोंदट वास आम्हाला परका वाटे, आणि सुट्टी संपवून परतल्यावर दुबई विमानतळाबाहेरचा भट्टीसारखा झोत ओळखीचा वाटे. 'गावी जातो' असे म्हणून आम्ही जिथे जात होतो, तिथे आम्ही पाहुणे होतो.

वाळूचे वादळ बाकीच्या भारताला समजले ते मात्र एका रात्रीत. २२ एप्रिल १९९८ रोजी शारजाच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिन तेंडुलकर खेळत असताना धुळीचा लोट आला, खेळाडू मैदानावर आडवे झाले आणि सामना थांबला. नंतर त्याने १४३ धावा केल्या आणि दोनच दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ धावा करून अंतिम सामना जिंकून दिला. पुण्यातल्या दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या नातेवाइकांनी त्या वादळाविषयी पुढे किती तरी दिवस विचारले. ज्यासाठी आम्ही रोज दाराला टॉवेल लावत होतो ते अखेर त्यांना दिसले होते.

या आठवणींत एक बाजू बहुधा सुटते, आणि ती सोडून चालणार नाही. आमच्या खिडकीसमोरचे मजले जे चढवत होते, त्यांच्यातल्या बहुतेकांना कुटुंब आणण्याची परवानगी मिळेल एवढा पगार नव्हता. पहाटे पडदे लावलेल्या बसने ते येत, शहराबाहेरच्या कामगार छावण्यांत परतत, आणि त्यांची मुले केरळ, आंध्र, राजस्थान, पेशावर किंवा सिल्हेटमध्ये वडिलांशिवाय मोठी होत होती. दुबईत बालपण घालवायला मिळणे हेच मुळात वडिलांच्या पगारपत्रकावर ठरत होते. आमचाही मुक्काम पक्का नव्हता. नोकरी गेली की व्हिसा जाई, आणि व्हिसा गेला की शाळा, मित्र, घर सगळे ठरावीक मुदतीत आवरावे लागे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की वडिलांच्या व्हिसावर राहण्याचे त्याचे दिवस भरत आले, असे समजले जाई. बारावीनंतर मुले पुण्याला, मुंबईला, सांगलीला शिकायला जात. आपण जन्मगाव सोडतो आहोत की आपल्या देशी परततो आहोत, या प्रश्नाचे उत्तर वसतिगृहात अर्ज भरताना 'मूळ गाव' या रकान्यापाशी अडत असे.

आम्ही निघालो आणि शहराने वेग घेतला. अबुधाबीचा रस्ता रुंद होऊन शेख झायेद मार्ग झाला, १९९९ च्या अखेरीस बुर्ज अल अरब उघडले, २००२ पासून परदेशी लोकांना ठरावीक भागांत घरे मालकीने घेता येऊ लागली, २००९ मध्ये मेट्रो धावली आणि २०१० च्या जानेवारीत ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाचे उद्घाटन झाले. लोकसंख्या २०२३ मध्ये ३६ लाखांच्या पुढे गेली. शुक्रवारची सुट्टीही सरली. २०२२ पासून शनिवार-रविवार आला. त्याच वर्षी मुलांना वडिलांच्या व्हिसावर पंचविशीपर्यंत राहण्याची मुभा मिळाली, जी आमच्या वेळी असती तर अनेक घरांचा नकाशा वेगळा झाला असता.

आमच्यापैकी काही जण स्वतःच्या नोकरीवर परत आले आहेत. या माहितीपटासाठी त्यांच्या घरांतले अल्बम चाळताना एक अडचण प्रत्येक ठिकाणी आली. रोल महाग, त्यामुळे छायाचित्र काढताना पाठीमागे काहीतरी असावे असा वडिलांचा आग्रह असे. म्हणून घड्याळाचा मनोरा आहे, कारंजे आहे, नवी मोटार आहे, हॉटेलचा दरवाजा आहे, पण ज्या वाळूवर आम्ही रोज संध्याकाळ घालवली तिचे छायाचित्र जवळजवळ कोणाकडेच नाही. जी दोन-चार मिळाली ती चुकून टिपलेली आहेत: कोणाचा तरी वाढदिवस, गॅलरीत उभी असलेली मुले आणि कठड्यापलीकडे दूरवर मोकळा पसरलेला करामा. अशी फसलेली छायाचित्रे आपल्याकडे असतील तर ती टाकू नयेत. मागच्या बाजूला साल आणि इमारतीचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवावे, आणि कोणत्या दिशेला तोंड करून ते काढले होते हे वडिलांना किंवा आईला आताच विचारून घ्यावे.