ऐकलं, नाही ऐकलं आणि तिसरा रकाना

[दृश्य : एकतर्फी आरसा. पलीकडे आई, सहा वर्षांचा मुलगा, चटईवर ठोकळे.]

आरशाच्या या बाजूला दोन निरीक्षक. कानाला हेडफोन, मांडीवर तक्ता. आईची तक्रार एकच, पोरगा ऐकत नाही. किती ऐकत नाही, ते इथे मोजायचं आहे.

ही पद्धत शीला आयबर्ग आणि एलिझाबेथ रॉबिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची, १९८१ साली प्रसिद्ध झालेली. आधी मूल म्हणेल तो खेळ, मग आई म्हणेल तो, शेवटी आवराआवर. प्रत्येकाची ५ मिनिटं नोंदवायची. दोन्ही खेळांआधीची पाच-पाच मिनिटं सोडून द्यायची, कारण नव्या जागी मूल बुजतं आणि बुजलेलं मूल फारच शहाण्यासारखं वागतं.

[दृश्य : स्टॉपवॉच. तक्त्यावर पेन्सिल.]

खरी कसोटी आवराआवरीत. खेळणी मुलानेच उचलायची, आईने हात लावायचा नाही. "लाल ठोकळा डब्यात टाक." वाक्य संपलं की मोजणी सुरू. ५ सेकंदांत हात ठोकळ्याकडे वळला, तर ऐकलं. कुरकुरत उचलला तरी ऐकलंच; कुरकुरीची नोंद वेगळी. जागचा हललाच नाही, तर नाही ऐकलं.

आता तिसरा रकाना. घोळ होतो तो इथेच. "नीट वाग." म्हणजे नक्की काय करायचं त्याने? "टाक तो. टाक ना. अरे, टाक!" यात ५ सेकंद मिळालेच कुठे? किंवा वैतागून आईनेच ठोकळा डब्यात टाकला. यातलं काहीही मुलाच्या नावावर मांडायचं नाही. नोंद करायची : संधी मिळाली नाही.

समजा २० सूचना दिल्या. ८ वेळा संधीच नव्हती. उरलेल्या १२ पैकी ६ पाळल्या, म्हणजे ५० टक्के. हा रकाना गाळला, तर तोच मुलगा ३० टक्क्यांवर घसरतो. आणि घड्याळ सूचनेच्या पहिल्या शब्दालाच लावलं, तरी फटका त्यालाच. म्हणून दोन्ही निरीक्षकांनी एकमेकांचं न बघता नोंदवायचं, मग ताडून बघायचं.

[दृश्य : प्रश्नावली भरणारी आई.]

आयबर्ग यांचीच ही ३६ प्रश्नांची यादी. कोणतं वागणं किती वेळा घडतं, १ ते ७. शेजारी, त्याचा तुम्हाला त्रास होतो का, हो की नाही. बेरीज १३१ च्या पुढे किंवा 'हो' पंधराच्या पुढे गेले, तर नीट तपासणी हवी. बेरीज कमी आणि 'हो' मात्र भरपूर, असं असेल तर आधी पालक किती थकलाय ते विचारा. नुसत्या कागदावर मुलाला हट्टी ठरवणं स्वस्त पडतं, एवढंच.

[दृश्य : आईच्या कानात छोटं यंत्र.]

उपचारात आरशामागून आईच्या कानात सांगतात, सूचना कशी द्यायची. त्याआधी, प्रत्येक भेटीत, ५ मिनिटं नोंद.