आधी काय पेटलंय ते बघा

(फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या सभागृहात अग्निशमन सेवा सप्ताहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आत येताना दाराशी तुमचा आग विझवायचा तांबडा सिलिंडर बघितला. दसऱ्याची झेंडूची माळ अजून त्याच्या गळ्यात आहे, वाळून काळी पडलेली, आणि तिचा दोरा नेमका सेफ्टी पिनेत गुंतलाय. पूजा करा, माझी ना नाही. पण ऐन वेळी पिन ओढायची की दोरा सोडवत बसायचं? सहा किलोचा पावडरचा सिलिंडर उणापुरा १५-२० सेकंद चालतो, पुढे रिकामा.

आज १४ एप्रिल. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजातल्या कापसाच्या गाठींनी पेट घेतला. त्याच जहाजात दारूगोळाही होता. स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणजे काय पेटलंय ते बघायचंच, पण त्याच्या शेजारी काय ठेवलंय तेही बघायचं.

सिलिंडरवर जी अक्षरं असतात ती हेच सांगतात. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड. ज्याचा निखारा होतो ते. आपला जत्रेचा मंडप यातच. बी म्हणजे पेट्रोल, थिनर असले द्रव. सी म्हणजे गॅस. डी धातूंसाठी, तो विषय कारखानेवाल्यांना सोडू. एफ म्हणजे स्वयंपाकाचं तेल. विजेला आपल्याकडे वेगळं अक्षर नाही. मेन स्विच बंद केला की उरते ती वायरची, लाकडाची साधी आग. स्विच बंद होईपर्यंत पाणी नको; पावडर किंवा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरा. सीओटूचा भोंगा मात्र हातात धरू नका, थंडीनं कातडी चिकटते. आणि कोंदट खोलीत तो मारून तिथेच थांबू नका, कारण तो हवेतला प्राणवायू रेटून बाहेर काढतो.

आता तेल. आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी घराघरात नेवऱ्यांची (करंज्यांची) कढई चढलेली असते. तळण चालतं १८० अंशांच्या आसपास. कोणी फोन घ्यायला गेलं, तेल धुरावलं, आणि ३५० च्या पुढेमागे ते आपोआप पेटतं, ठिणगीसुद्धा लागत नाही. मग घरातलं कोणीतरी धावत कळशी आणतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं आणि क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की जागा सुमारे १,७०० पट लागते. ती वाफ जळतं तेल उचलून छपरापर्यंत फेकते. म्हणून गॅस बंद, कढईवर मोठं झाकण, आणि झाकण लगेच उचलायचं नाही. आत डोकावून बघायची हौसच नडते. पावडरचा सिलिंडरही जवळून मारू नका, झोतानं तेल उडतं. शिवाय पावडर तेल थंड करत नाही, ज्वाळा विझल्या तरी पुन्हा भडकतात. हॉटेलवाल्यांनी एफ वर्गाचा वेट केमिकलचा, म्हणजे द्रव रसायनाचा सिलिंडर ठेवावा.

सध्या काजूचा हंगाम आहे, काजूच्या दारूच्या भाट्या चालू आहेत. दारूची ज्वाळा फिकट निळी, भर उन्हात दिसतसुद्धा नाही. साध्या फोमचा थर तिच्यावर टिकत नाही, विरून जातो. तिथे पावडरच बरी.

गॅसची गळती पेटली असेल तर आधी रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद होतोय का बघा. तो बंद होत नसताना नुसती ज्वाळा विझवलीत तर गॅस जमिनीलगत पसरत राहतो, आणि दुसरी ठिणगी घर उडवते. अशा वेळी माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन लावा.

आणि खारा वारा! किनाऱ्याकडच्या हॉटेलांत सिलिंडरच्या दाबाचा काटा हिरव्यात दिसतो, पण सिलिंडर उचलला की खाली गंजाचं वर्तुळ. बूड तपासा. सीओटूला तर काटाच नसतो, तो भरलेला आहे की नाही ते वजन करूनच कळतं.

बरं, आता बोलणं पुरे. मैदानात ट्रेमध्ये आग लावलीय. आठ-दहा फुटांवर उभं राहायचं, पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी, मग मूठ दाबून डावीकडून उजवीकडे. वारा देवळाच्या तळीच्या (तळ्याच्या) बाजूनं येतोय, तेव्हा तळीकडे पाठ करा. पहिलं कोण येतंय? वहिनी, तुम्हीच या. कढई तुमच्या हातात असते.