मार्चच्या बर्फाचा भरवसा किती

राम राम मंडळी. आपल्या जळगाव-भुसावळकडे मार्च लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि नेमकं तेव्हाच पोरंपोरी विचारतात, आता गुलमर्गला स्कीइंगला जाऊन काही उपयोग आहे का, बर्फ संपला असेल ना? संपत नाही हो, पण रोज बदलतो, म्हणून तारखेआधी उंची ठरवा.

गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर, तिथला बर्फ मार्चमध्ये लवकर ढिला होतो. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर 3900 मीटरच्या वर नेतो, तिथे बर्फ खूप उशिरापर्यंत टिकतो, पण ते उतार शिकाऊ माणसाचे नाहीत. पहिल्यांदाच जाताय तर खालच्या मैदानावरच शिकायचंय, मग फेब्रुवारीचा शेवट धरा, एप्रिलचा नाद नको.

आता वेळ. रात्रीच्या थंडीत वरचा थर गोठतो, सकाळी इतका कडक असतो की स्की घसरत जाते, धार धरतच नाही, मग ऊन चढलं की वरचा बोटभर थर सुटतो, जाड रव्यासारखा दाणेदार, आणि स्प्रिंग स्कीइंगची सगळी मजा त्या थोड्या वेळातच आहे बघा! पूर्वेकडचा उतार आधी सुटतो, उत्तरेकडचा उशिरा, त्या क्रमाने फिरा. दुपारी नुसता गाळ होतो, त्यात पाय अडकून गुडघे दुखावतात आणि उभ्या उतारावर ओलं हिमस्खलन होऊ शकतं, तेव्हा खाली या म्हणजे या. रात्रभर ढग राहिले तर बर्फ नीट गोठतच नाही, तो दिवस मला तरी सोडून दिलेलाच बरा वाटतो.

आणि ऐन सीझनचाही भरवसा नाही. 2025 मध्ये खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या स्पर्धा फेब्रुवारीत होत्या, बर्फच नव्हता म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घेतल्या. रेल्वेचं रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन बर्फ पाडणारी हवा, कधी येणार ते मात्र चार-पाच दिवस आधीच जरा नीट कळतं. म्हणून जम्मूला जाणाऱ्या झेलम एक्सप्रेसचं तिकीट आधी काढा, पण हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घ्या आणि दोन दिवस मोकळे ठेवा, कारण जोराचा वारा सुटला की गोंडोलाही बंद ठेवतात. तिथे पोचल्यावर रोज सकाळी हिमस्खलनाचं बुलेटिन बघा, आणि वरच्या उतारावर जायचंच असेल तर लोकल गाइड सोबत घ्या, तो नको म्हणाला तर हट्ट करू नका.