परदेशात ऑपरेशन: तिथेच, की सोलापूरला येऊन?

(सोलापुरात ज्येष्ठ नागरिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील तिकडे आजारी पडले की घरात आधी खर्चाची चर्चा सुरू होते. तिथल्या डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: "हे ऑपरेशन किती थांबू शकतं? काही तास, काही दिवस, की काही महिने?" उत्तर मिळालं की अर्धा निर्णय झाला.

फुटलेलं अपेंडिक्स, अडकून काळानिळा पडलेला हर्निया, कातडी फाडून बाहेर आलेलं हाड, नातवाच्या वृषणाला पडलेला पीळ, ही तासांची दुखणी. पीळ सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. अशा वेळी सोलापूरच्या डॉक्टरांचा फोन लागेपर्यंतही थांबू नका.

सगळ्यात जास्त चूक होते ती खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये. आजी बाथरूममध्ये घसरतात आणि इथून निरोप जातो, "इंजेक्शन देऊन घेऊन या, इथंच करू." असं करू नका. हे ऑपरेशन शक्यतो 36 ते 48 तासांत झालेलं बरं. त्यापुढे नुसतं पडून राहिल्यानं पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. स्ट्रेचरसाठी विमानातल्या कितीतरी सीट अडतात, विमान कंपनीच्या वैद्यकीय मंजुरीत दिवस जातात आणि मुंबईला उतरल्यावर सोलापूर अजून चारशे किलोमीटर राहतं.

मनगटाचं वेगळं. हाड जागेवर बसवून प्लास्टर घातलं की ऑपरेशनला साधारण दोन आठवड्यांची सवड असते. तीन आठवडे उलटले की हाड वाकडंच जुळू लागतं, मग काम अवघड होतं. नव्या प्लास्टरला 48 तास होईपर्यंत लांबचा विमानप्रवास नको, कारण आत सूज वाढते आणि प्लास्टर आवळतं. निघणं भागच असेल तर ते लांबीत चिरून घ्या.

पित्ताचे खडे असतील, दुखणं शमलं असेल, ताप आणि कावीळ नसेल, तर परत या. दुखणं, ताप, कावीळ यातलं एक जरी असेल तर उपचार तिथेच. गुडघा बदलणं, मोतीबिंदू यांचा तर तिकडे विचारही करू नये.

ऑपरेशन तिकडे झालं तर परत कधी निघायचं? विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा उतरतो आणि शरीरात अडकलेली हवा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं फुगते. म्हणून दुर्बिणीतून झालेल्या पोटाच्या ऑपरेशननंतर चार-पाच दिवस, पोट उघडून झालं असेल तर किमान दहा दिवस थांबतात. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत विमान वर्ज्य. गॅस फुगून डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. मुंबईहून सोलापूरला येताना बोरघाटही चढावा लागतो आणि उंचीवर हवेचा दाब उतरतोच, म्हणून हेही त्या डॉक्टरांना सांगा.

प्रवास विम्याच्या मदत क्रमांकावर दाखल होण्याआधी फोन करा. तातडी असेल तर दाखल झाल्याबरोबर. प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च देणाऱ्या पॉलिसी बऱ्याच असतात. पॉलिसी घेताना बीपी-शुगर लपवलेली असेल तर क्लेम तिथेच अडकतो. गोळ्यांची यादी औषधाच्या मूळ नावानं लिहून न्या, आपल्याकडचा ब्रँड तिकडे कुणाला ठाऊक नसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर लिहा.

निघताना डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची नोंद, स्कॅनची सीडी आणि बायोप्सी केली असेल तर तिचा रिपोर्ट, एवढं हातातल्या बॅगेत हवं. प्लेट किंवा रॉड बसवला असेल तर त्याच्या कंपनीचं नाव आणि माप असलेलं स्टिकर मागून घ्या. उद्या ती प्लेट सोलापुरात काढायची वेळ आली तर तिच्या स्क्रूला बसणारा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि तो कोणता मागवायचा हे त्या स्टिकरवरूनच कळतं.